मोठा ढोल आणि तिसरा प्रश्न

तो दुकानात शिरला आणि सरळ राणीसरकारांशी बोलायला लागला.

राणीसरकार म्हणजे आमच्या दुकानाच्या दाराशी उभी असलेली पुठ्ठ्याची बाई. माणसाएवढी उंच, डोळ्यांवर काळा गॉगल, ओठांवर कायमचं हसू. गॉगलच्या कंपनीने ती जाहिरातीसाठी आणून ठेवली आणि नंतर न्यायला कुणी आलंच नाही. बाहेर वारा सुटला होता, पावसाचे बारीक थेंब आडवे उडत होते, आणि हा उंच, भिजलेला तरुण चष्म्याचे दोन तुकडे हातात धरून तिच्यापुढे अदबीने उभा होता.

"माफ करा," तो तिला म्हणाला, "चष्मा मोडलाय. आज मिळेल का करून?"

राणीसरकार हसत राहिल्या.

"घाई आहे हो जरा... म्हणजे, मला आत्ता काही दिसतच नाहीये."

ते आम्हाला दिसतच होतं. मी काउंटरमागे ओठ चावून हसू दाबत होते. शेवटी आईने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे पुढे झाले आणि म्हणाले, "त्या बोलत नाहीत. उत्तर हवं असेल तर इकडे या."

तो दचकून वळला. कान लालबुंद झाले. आणि मग त्याने जे केलं, त्याने मी तिथल्या तिथे निम्मी गारद झाले. तो पुन्हा राणीसरकारांकडे वळला आणि म्हणाला, "तरीपण... माफ करा."

दुकान माझ्या बाबांचं. ते गेल्यापासून आई काउंटर सांभाळते आणि मी डोळे तपासते, काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. दिवसभर अनोळखी माणसांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघायचं, हेच माझं काम. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण त्या दिवशी त्याच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला पट्टी घेतली, "माझ्या नाकाकडे बघा" म्हणाले, आणि तो इतक्या प्रामाणिकपणे माझ्या नाकाकडे बघायला लागला की माझंच लक्ष उडालं. त्याच्या पापण्यांवर अजून पावसाचं पाणी होतं. अंतर मला पुन्हा मोजावं लागलं.

"काय दिसतंय?" मी उगाच विचारलं.

"नाक आहे एवढं कळतंय. कसं आहे ते चष्मा आल्यावर सांगतो."

"काम जवळचं की लांबचं?" हे मी प्रत्येकाला विचारते. शिंप्याला जवळचं बघावं लागतं, ड्रायव्हरला लांबचं.

"ते... अजून ठरायचंय."

"करता काय आपण?"

"सरकारी."

"सरकारी काय?"

तो बराच विचारात पडला. मग म्हणाला, "चष्मा लागतो असं."

आई खो खो हसली. तो गेल्यावर आम्ही दोघींनी मिळून त्याचं नाव ठेवलं... गुपितराव.

गुपितरावांचा चष्मा झाला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे बघितलं, आणि "चांगलं आहे," एवढंच म्हणाले. काय चांगलं आहे ते मी विचारलं नाही. जाताना त्यांनी आमच्याकडून एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर विकत घेतला, आणि पुढच्याच आठवड्यापासून त्यांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला व्हायला लागला. मी घट्ट बसवलेला स्क्रू असा ढिला होत नाही. पण मी तरी कशाला बोलते? त्याने चष्मा पुढे करायचा, मी स्क्रू पिळायचा, तोवर आईने चहा आणायचा, असा क्रमच पडून गेला.

चहाबरोबर थोडं थोडं कळत गेलं. टेकडीवर उंच खांबांची कचेरी आहे ना, तिथे त्याला नोकरी लागली होती, पण अर्धीच. तिथे एक बाहेरची खोली आणि एक आतली. ज्या कामासाठी तो इतकी वर्षं शिकला ते आतल्या खोलीत होतं, आणि आत जायला सुरक्षा मंजुरी लागायची. ती मिळेपर्यंत साहेब तुमचं सगळं आयुष्य उलटंपालटं करून बघणार. कुठे राहिलात, कुणात वावरलात, नातेवाईक कोण, शेजारी काय म्हणतात.

"शाळेतल्या बाईंकडेसुद्धा जाऊन आले," तो म्हणाला. "मुलगा कसा होता म्हणून विचारलं."

"मग? काय म्हणाल्या बाई?"

"भित्रा होता, पण खरं बोलायचा."

तोपर्यंत तो बाहेरच्या खोलीत बसून वायरींना चिठ्ठ्या चिकटवत होता. मंजुरी नाकारली तर चिठ्ठ्यासुद्धा गेल्या, कारण बाहेरच्या खोलीत कायमची जागाच नव्हती. हे सांगताना तो हसत होता, पण कप उगाच बशीत गोल गोल फिरवत होता. आतल्या खोलीत कसलं यंत्र आहे, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, "यंत्र आहे असं मी म्हणालोच नाही." आणि इतक्या घाबऱ्याघुबऱ्या नजरेने माझ्याकडे बघितलं की मला त्याची दया आली. दया म्हणते खरी, पण ती दया नव्हती हे आईलासुद्धा कळलं होतं.

मग तो रविवार आला. रविवारी आमचं दुकान अर्धा दिवस उघडं असतं आणि त्याच वेळी मामाचा फोन येतो. आई फोनवर बोलते तेव्हा समुद्रापलीकडे आवाज पोचवायची जबाबदारी एकट्या आपल्यावर आहे असं तिला वाटतं. ती ओरडत होती, मधेच हसत होती, आणि गुपितराव चहा घेता घेता कौतुकाने ऐकत होते.

"कोण?" त्याने हळूच विचारलं.

"मामा. आईचा धाकटा भाऊ. आई मूळची तिकडची ना... लग्न करून इकडे आली, इकडचीच झाली. पण भाऊ एकच, तो तिकडे राहिला."

"काय करतात ते?"

"नौदलात आहे."

कप हवेतच थांबला. "तिकडच्या... नौदलात?"

"अहो, बँडमध्ये. मोठा ढोल वाजवतो. पोटावर बांधून. मामाचं पोट आणि ढोल यात पहिला कोण हे बघणाऱ्याला कळत नाही."

तो हसला. पण ते हसू ओठांवरच राहिलं. चहा अर्धा टाकून तो उठला, "येतो" म्हणाला, आणि निघून गेला. स्क्रू तसाच ढिला.

त्यानंतर तो आलाच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. दाराची घंटा वाजली की माझी मान आपोआप वळायची, आणि दरवेळी दुसरंच कुणीतरी असायचं. ढोल ऐकून पळाला, असं आई म्हणाली. मी म्हणाले, पळू दे. आणि आत जाऊन काचा घासायच्या यंत्रावर एक चांगली काच वाकडी घासून ठेवली. मला त्याचा राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त आठवण येत होती.

एका दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. त्यांच्या चष्म्याची एक काडी वाकलेली होती, त्यामुळे सगळा चष्मा नाकावर तिरपा बसला होता. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात चष्म्याऐवजी ओळखपत्र ठेवलं. टेकडीवरच्या कचेरीचे पडताळणी अधिकारी. आई लगबगीने पडद्याआड गेली, म्हणजे जिथून सगळं नीट ऐकू येतं तिथे.

साहेबांनी गुपितरावांचं नाव घेतलं आणि ओळखता का विचारलं. गिऱ्हाईक आहेत, मी म्हणाले.

"त्यांच्याशी आपले आपुलकीचे, जिव्हाळ्याचे किंवा विवाहाच्या उद्देशाने संबंध आहेत का?" त्यांनी पत्ता विचारावा तशा आवाजात विचारलं. "यातलं जे लागू असेल ते सांगा."

माझ्या कानात काहीतरी वाजायला लागलं. "हे... हे असं का विचारताय?"

"सगळ्यांना असंच विचारतो. परदेशात नातेवाईक असलेल्या कुणाशी जवळचे संबंध आले तर आमच्या माणसाने ते आपणहून कळवायचं असतं. त्यांनी कळवलं. मी इथे आलोय तो त्यांच्या उत्तरांमुळे. तिन्ही उत्तरांमुळे. तिसऱ्याला त्यांनी एक पुरवणी जोडली आहे. तिला अजून विचारलेलं नाही, अशी."

मला आनंद झाला. इतका की काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकवून उभं राहावं लागलं. तो पळाला नव्हता! माझ्याशी बोलायच्या आधी तो टेकडीवर जाऊन सरकारशी बोलला होता. जगात कुणाच्या प्रेमाची बातमी अशी वाकड्या चष्म्याच्या साहेबांकडून आली असेल?

आणि लगेच पुढचा प्रश्न आला. परदेशात जवळचं कोण आहे? सरकारी नोकरीत कुणी? सैन्यात, नौदलात? साहेबांच्या तोंडून 'नौदल' हा शब्द ऐकला आणि मला मामा दिसला, पोटावर ढोल बांधून उभा. मी हो म्हणाले की तो ढोल गुपितरावांच्या गळ्यात जाणार. आतली खोली गेली, बाहेरची गेली, इतक्या वर्षांचं शिक्षण गेलं... माझ्यामुळे.

"मामा आहेत," मी म्हणाले. "पण त्याचा यांच्याशी काय संबंध? तिन्ही प्रश्नांना माझं नाही. ते फक्त चष्म्यासाठी येतात."

"नक्की?"

"नक्की."

साहेबांनी तिरप्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, लिहून घेतलं, आणि गेले.

आई पडद्यामागून आली ती कमरेवर हात ठेवूनच. असं का बोललीस, तिने विचारलं. मी सांगितलं, तुझ्या भावामुळे त्याची नोकरी जाईल म्हणून. आई स्टुलावर बसली आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिली. तिला लागलं होतं. इतकी वर्षं तिने हा देश आपला मानला, मतदान केलं, शेजाऱ्यांचे चष्मे दुरुस्त केले, आणि आज तिचा सख्खा भाऊ आडवा येतोय असं तिच्याच मुलीने तिला सांगितलं. मला माझीच लाज वाटली.

रविवारी मामाला सगळं कळलं. आईच्या पोटात काही राहत नाही.

"मग त्यात काय भाचीबाई," मामा म्हणाला, "सांगून टाक त्यांना, मामाशी बोलणं तोडलं म्हणून. मी फोन बंद करतो. तुझं लग्न होऊ दे, ढोल मी इथूनच वाजवीन."

तो हसत हसत म्हणाला, आणि मग गप्प झाला. मामा फोनवर कधी गप्प राहत नाही. आईने फोन हिसकावून घेतला आणि त्याला असा झाडला की रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. मी मागच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची घंटा वाजली. गुपितराव. अंगावर भिजका कोट. बाहेर तेच आडवे थेंब. आईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दूध संपलंय म्हणून छत्री घेऊन बाहेर पडली. दूध भरपूर होतं.

त्याने चष्मा काढून पुढे केला. मी बघितलं, स्क्रू घट्ट होता.

"मला पुन्हा बोलावलंय," तो म्हणाला. "माझ्या आणि आणखी कुणाच्या बोलण्यात फरक पडतोय म्हणे. त्यांना वाटतंय, मी काहीतरी रचून सांगितलं."

"तुम्ही?"

"कुणाशी फरक पडतोय ते मी विचारलं नाही. तुम्हालाही विचारणार नाही. त्याबद्दल तुमच्याशी बोलायला मला मनाई आहे." चष्म्याशिवाय त्याचे डोळे फार उघडे दिसत होते. "पण सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट सांगायला हरकत नाही. परदेशात कुणी असलं म्हणून मंजुरी हमखास जाते असं नाही. ते खोलात जातात, विचारतात, वेळ लावतात. पण लपवलं, खोटं बोललं... की मग संपलं."

मी त्याला वाचवायला गेले होते आणि खोटा ठरवून बसले होते.

"आणि एक," तो दाराकडे बघत म्हणाला. "माझी नोकरी राहावी म्हणून कुणी काही बोलू नये. नाही असेल तर नाही. मग मी खोटारडा नाही, नुसता वेडा ठरेन. ते चालेल मला."

मी काही म्हणायच्या आत तो गेला. चष्मा माझ्याच हातात. अर्धा रस्ता गेल्यावर दिव्याच्या खांबाला धडकला आणि परत आला. मी दारातच चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. बोटं त्याच्या गार कानांना लागली. बोलायला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडी चढले.

दारावरच्या पहारेकऱ्याने फोन काढून घेतला आणि गळ्यात पास अडकवला. साहेबांच्या खोलीत एक टेबल, एक किटली आणि भिंतीकडे तोंड केलेली खिडकी. त्यांचा चष्मा तसाच तिरपा.

"मी खोटं बोलले," मी बसायच्या आधीच म्हणाले. "तुमच्या माणसाने खरं सांगितलं होतं. तो लहानपणापासून खरंच बोलतो. विचारा त्याच्या शाळेतल्या बाईंना."

"विचारलंय," साहेब म्हणाले. "बसा."

त्यांनी सगळं पहिल्यापासून घेतलं. आपुलकीचे संबंध?

"आहेत."

"जिव्हाळ्याचे?"

"आहेत. खूप आहेत."

"विवाहाच्या उद्देशाने?"

माझे कान तापले. "मला कुणी विचारलेलंच नाही. पण विचारलं तर... हो. असं लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. मग मामावर आले, आणि मामावर फार वेळ राहिले. मामा किती वेळा फोन करतो? यांच्या कामाबद्दल कधी विचारलं का? मी म्हणाले, मामाने एकच विचारलंय, पोरगा तालात चालतो का. साहेबांच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण पुढचा प्रश्न त्यांनी पेन खाली ठेवून विचारला.

"समजा, उद्या तिकडे कुणी तुमच्या मामांना धरलं. तुम्हाला निरोप आला की नवऱ्याकडून अमुक एक गोष्ट काढून द्या, तरच मामा सुटतील. काय कराल?"

हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. मला मामाचा हसरा चेहरा आठवला, फोनवरची ती शांतता आठवली. साहेबांनी घाई केली नाही.

"मी रडेन," मी शेवटी म्हणाले. "माझा मामा आहे तो. रडेन, आणि मग नवऱ्याला सांगेन. आणि तो उठून सरळ तुमच्याकडे येईल. साहेब, ज्या माणसाने माझ्यावर प्रेम आहे हेसुद्धा आधी तुम्हाला येऊन सांगितलं, तो हे तुमच्यापासून लपवेल?"

साहेब हसले. मोठ्याने, अगदी खांदे हलवून हसले, आणि चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. मला राहवेना. उठून तो काढून घेतला, काडी बोटांनी हळूहळू वाकवून सरळ केली आणि परत दिला. त्यांनी तो लावला, खोलीत इकडे तिकडे बघितलं.

"निर्णय माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "वरून येईल. वेळ लागेल." दारापर्यंत सोडायला मात्र ते स्वतः आले.

वेळ लागला. पाऊस गेला, थंडी पडली, राणीसरकारांचा एक कोपरा दमटपणाने सुटला तो मी चिकटवला. गुपितराव येत नव्हता आणि मी बोलावत नव्हते. निकाल लागेपर्यंत तेच बरं, असं दोघांनी न बोलताच ठरवलं होतं. मामाचा फोन मात्र दर रविवारी येत होता. तो बंद करायचा नाही, असं आईने बजावलं होतं.

एका लख्ख सकाळी घंटा वाजली. तो आत आला, राणीसरकारांना मान लववून नमस्कार केला आणि माझ्यासमोर खुर्चीत बसला.

"नवीन चष्मा हवाय."

मी पट्टी हातात घेतली. मग रोजचाच प्रश्न विचारला. "काम जवळचं की लांबचं?"

"आता जवळचं," तो म्हणाला. "आतल्या खोलीत बसायचंय."

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. पडद्यामागे आईने नाक ओढलं, आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

"अटी आहेत," तो घाईघाईने सांगायला लागला. "मामांना भेटायला गेलो तर आधी कळवायचं. ते इकडे आले तरी कळवायचं. काही बदललं की लगेच सांगायचं, आणि... आणि आज संध्याकाळपर्यंत एक गोष्ट कळवायची राहिलीये. साहेब म्हणाले, तिसऱ्या प्रश्नाची पुरवणी अजून तशीच पडून आहे. ती निकाली काढा."

"मग काढा की."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. भित्रा होता तो, बाईंचं काही चुकलं नव्हतं. "तू..." तो म्हणाला, आणि त्या एका 'तू'ने माझे डोळे भरून आले. "माझ्याशी लग्न करशील?"

"हो," मी म्हणाले. "जाऊन सांग त्यांना. पण चहा घेऊन जा."

त्या रविवारी मामाचा फोन आला तेव्हा तो माझ्या शेजारीच बसला होता. आईने ओरडून बातमी दिली. तिकडे मामाने आनंदाने टेबल बडवल्याचा आवाज आला, अगदी तालात. मग त्याने जावईबापूंशी बोलायचंय म्हणून हट्ट धरला. मी फोन त्याच्या हातात दिला.

"काय करता आपण?" मामाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

गुपितरावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याचा हात घट्ट धरला.

"सरकारी," तो म्हणाला. "चष्मा लागतो असं."

पलीकडे मामा हसायला लागला. इतका हसला की आम्हालाही हसू आवरेना. "बरं बरं," तो म्हणाला, "मी ढोल वाजवतो. एवढं आपल्याला एकमेकांबद्दल पुरे."

पुन्हा त्याने कधी विचारलं नाही.